शेजारचे विरजण

पिणे आणि चाखणे या दोन क्रियांमधील अंतर आपल्या समाजाने कधी नीट मोजलेले नाही. मानकुराद आंब्याची फोड जिभेवर ठेवताच तो कोणत्या गावचा, कोणत्या बागेतला, झाडावर पिकलेला की आढीत घातलेला, यावर आपल्याकडे घटकाभर वाद रंगतो. आमसुलाचा आंबटपणा, उकड्या तांदळाचा वास, माडाच्या गुळाची किंचित खारट गोडी यांविषयी आपली जीभ कमालीची चोखंदळ आहे. मद्याचा विषय निघाला की मात्र हीच जीभ मुकी होते. मग दोनच सूर ऐकू येतात. एक जाहीर निषेधाचा आणि दुसरा दार लोटून घेतलेल्या खोलीतील चोरट्या कौतुकाचा. हे पेय कोणी केले, कशापासून केले, ते करणाऱ्या गावाचे पुढे काय झाले, असे विचारावयास निषेध करणाऱ्याला सवड नसते आणि पिणाऱ्याला शुद्ध नसते.

आम्हांस हे प्रश्न विचारण्याचा योग आला तो बेल्जियममधील एसेन नावाच्या एका लहानशा खेड्यामुळे. अँटवर्प येथे नोकरीस असलेले आमचे एक गोमंतकीय स्नेही सुट्टीवर घरी येताना तेथील बिअरच्या सहा बाटल्या घेऊन आले. परदेशातून येणाऱ्या प्रवाशास दोन लिटर मद्य करमुक्त आणता येते. ३३ सेंटिलिटरची एक, अशा सहा बाटल्यांचे १.९८ लिटर होतात. नियमाच्या काठापर्यंत जाऊन, तो न ओलांडता आणलेला हा ऐवज आम्ही चौघांनी दोन संध्याकाळी मिळून चाखला. वाटणीस आले ते फार थोडे. परंतु चाखण्यास थोडेच लागते. त्या थोडक्यातून जे कळले ते केवळ जिभेपुरते नाही, म्हणून ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

एसेन हे पश्चिम फ्लँडर्समधील डिक्समाउडे या नगराला लागून असलेले खेडे. समुद्र तेथून फार दूर नाही. जमीन सखल, बांध घालून आणि दरवाजांनी पाणी अडवून मिळवलेली. आपल्याकडील खाजने आणि मानशी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ती परकी वाटू नये. १९१४ च्या ऑक्टोबरात जर्मन फौजा या मुलखात शिरल्या, तेव्हा बेल्जियनांनी न्यूपोर्ट येथील दरवाजे भरतीच्या वेळी उघडून आयझर नदीकाठचा सारा सखल प्रदेश आपल्याच हातांनी बुडवला आणि शत्रूला थोपवले. पुढील चार वर्षे युद्धाची आघाडी तेथेच रुतून बसली. डिक्समाउडे जमीनदोस्त झाले आणि नंतर नव्याने उभे राहिले. त्याच युद्धात व्यापलेल्या बेल्जियममधील असंख्य ब्रुअऱ्यांमधून तांब्याच्या कढया उखडून नेण्यात आल्या; त्या तांब्याचा दारूगोळ्याला उपयोग होता. विसाव्या शतकाच्या आरंभी या चिमुकल्या देशात तीन हजारांवर ब्रुअऱ्या होत्या. १९८० च्या सुमारास त्यांची संख्या दीडशेच्या आसपास उतरली होती. युद्धाने जे सुरू केले ते पुढे मोठ्या कारखान्यांच्या स्वस्त, पारदर्शक, सर्वत्र एकाच चवीच्या बिअरने जवळजवळ पुरे केले.

एसेनची ब्रुअरीही त्याच वाटेने जावयाची. १८३५ पासून चालत आलेली ही लहानशी ब्रुअरी १९८० मध्ये बंद पडण्याच्या बेतात होती. त्या वर्षी हेर्टेलेर कुटुंबातील भावांनी ती विकत घेतली. घरच्या घरी बिअर गाळण्याचा त्यांना नाद होता, इतकीच त्यांची पात्रता. त्यांतील क्रिस हेर्टेलेर हा व्यवसायाने वास्तुशिल्पी आणि वृत्तीने चित्रकार. पोटापाण्याचे उद्योग सांभाळून शनिवार-रविवारी बिअर करावयाची, असा त्यांचा आरंभीचा क्रम होता. गावाने वेड्यात काढण्यापूर्वी त्यांनी स्वतःच आपल्या ब्रुअरीचे नाव ‘दे डोले ब्राउवर्स’, म्हणजे ‘वेडे बिअरवाले’, असे ठेवले. तांब्याची कढई आणि उकळलेला काढा निववण्याचे उथळ, उघडे पात्र ही जुनी साधने त्यांनी मोडीत काढली नाहीत. बाटल्यांवरची चित्रे क्रिसने स्वतः काढली. पाहुण्यांना ब्रुअरी दाखवण्याचे काम अनेक वर्षे त्यांच्या वृद्ध मातेने आवडीने केले. धंदा म्हणून पाहिले तर हे सारे गैरसोयीचे; परंतु घर म्हणून पाहिले तर अगदी स्वाभाविक.

आता चवीकडे वळू. बेल्जियन बिअर आपल्या सवयीने प्यावयाची नसते, हे प्रथम सांगितले पाहिजे. आपल्या हवेत बर्फासारखी गार बाटली घशाखाली उतरवणे हेच बिअरचे सार्थक मानले जाते. अतिशय थंड पदार्थाला चव नसते. जीभ बधिर होते आणि पेयातील वास आतल्या आत कोंडून राहतात. म्हणून आम्ही बाटल्या शीतकपाटातून काढून बराच वेळ बाहेर ठेवल्या आणि सुमारे बारा अंशांवर आल्यावर उघडल्या. या बिअरचे अखेरचे आंबणे बाटलीत होते, त्यामुळे तळाशी यीस्टचा गाळ असतो. बाटली न हलवता, एका संथ धारेने ओतून शेवटचा बोटभर भाग मागे ठेवावा लागतो. फिक्कटापासून गडदाकडे आणि सौम्यापासून तीव्राकडे असा क्रम ठेवला. मध्ये साधे पाणी आणि साधा पाव. फरसाण किंवा तळलेले मासे यांना त्या संध्याकाळी रजा दिली.

पहिली ‘अराबीर’. बाटलीवर आठ टक्के मद्यार्काचा आकडा. रंग जुन्या तुपासारखा, वर पांढरा, दाट, बराच वेळ न मोडणारा फेस. तिचा वास हॉप नावाच्या वेलीच्या फुलांचा. या फुलांची शेती त्याच प्रांतातील पोपेरिंगे या गावाच्या परिसरात फार जुन्या काळापासून होत आली आहे. ईडलिंबाची साल नखाने खरवडावी तसा तो प्रथम नाकात शिरतो. मागून येणारा कडूपणा स्वच्छ आणि कोरडा. मेथीसारखा रेंगाळत असला तरी तोंड वाईट करीत नाही. आमच्यातील एकाने ‘ही कडू आहे’ म्हणून पेला खाली ठेवला आणि पाच मिनिटांनी तोच पेला पुन्हा उचलला. कडू चवीचा स्वभावच तसा आहे. ती ओळख करून घेण्यास वेळ मागते.

दुसरी ‘डुल्ले टेव्हे’. नावाचा अर्थ ‘वेडी कुत्री’ असा असला तरी बिअर तशी सभ्य आहे, फक्त दहा टक्क्यांची. सोनेरी, मधुर, पिकल्या केळ्याच्या वासाची. धोका तिच्या गोडव्यातच. आपल्याकडे विकली जाणारी बहुतांश बिअर ‘स्ट्राँग’ या शब्दावर खपते आणि त्या शब्दाने आपली शक्ती आधीच ओरडून सांगते. ही मात्र शक्ती लपवते. म्हणूनच तिचा पेला लहान आणि घोट त्याहून लहान असावयास हवा.

इतक्या तीव्र बिअर बेल्जियममध्येच का रुजल्या, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते. मजुरांमधील व्यसनाला आळा घालावा म्हणून समाजवादी नेते एमिल व्हांडरव्हेल्डे यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये तेथे एक कायदा झाला आणि गुत्त्यांमधून गाळीव कडक मद्य विकण्यास बंदी आली. दुकानातून न्यावयाचे तर एका वेळी किमान दोन लिटर घेण्याची अट घालण्यात आली. उद्देश हा, की रोजंदारीच्या माणसास ते परवडू नये. कडक मद्य गुत्त्यातून गेले, परंतु त्याची ओढ गेली नाही. ती ओढ भागवण्यास पुढे आली ती अधिक जोरकस बिअर. हा कायदा १९८३ च्या अखेरीपर्यंत टिकला. तोवर लोकांची जीभ घडून गेली होती. कायदे करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे असे हे उदाहरण आहे. अबकारीच्या एका कलमाने सहा दशकांत एका देशाची चव बदलते. कायदा रद्द होतो, चव मागे राहते.

तिसरी ‘ऊरबीर’, म्हणजे मूळची, आद्य बिअर. हेर्टेलेर बंधूंची पहिली कृती हीच. रंग गडद तपकिरी, काकवीच्या जवळ जाणारा. प्रथम भिजवलेल्या मनुकांची गोडी, मग भाजलेल्या सातूचा खमंगपणा, आणि अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, आमसुलाच्या कढीत असते तशी एक बारीक आंबट रेघ. ही रेघ नसती तर ऊरबीर जड झाली असती. तिच्यामुळे ती उठून उभी राहते. सहा बाटल्यांपैकी आम्हांस खरोखर बोलते केले ते या आंबट रेघेने, कारण तिच्यामागे एक कथा आहे.

बिअरला जो प्राण देतो तो यीस्ट. सातूला मोड आणून, भाजून, गरम पाण्यात घोळवून गोड काढा मिळतो. त्या काढ्याचे मद्य होते ते यीस्टमुळे. आपल्या गृहिणींना हे समजावून सांगण्याचे कारण नाही. दूध कितीही चांगले असो, दही कसे लागेल ते विरजण ठरवते. आणि घरचे विरजण बिघडले तर काय करावयाचे? वाटी घेऊन शेजारच्या घरी जावयाचे. हेर्टेलेर बंधूंनी हेच केले. एसेनपासून वीसेक किलोमीटरवर रुसेलारे येथे रोडेनबाख नावाची जुनी, नामांकित ब्रुअरी आहे. ओकच्या प्रचंड पिंपांत मुरवलेली तांबूस, आंबट बिअर हे तिचे वैशिष्ट्य. तिच्या यीस्टमध्ये शुद्ध यीस्टबरोबर दह्यातल्यासारखे आंबटपणा आणणारे जीवाणूही नांदत. ते मिश्र विरजण रोडेनबाखवाले आसपासच्या लहान ब्रुअऱ्यांना देत असत. एसेनच्या बिअरमधील ती आंबट रेघ शेजाऱ्याच्या घरची होती.

१९९८ मध्ये रोडेनबाख ही पाम या अधिक मोठ्या ब्रुअरीने विकत घेतली. त्यानंतर थोड्याच अवधीत हे विरजण देणे थांबले. व्यवहाराच्या दृष्टीने यात गैर काही नाही. यीस्ट ही कंपनीची मालमत्ता. ती कोणास द्यावी हे मालकाने ठरवावे. परंतु ऊरबीरच्या दृष्टीने पाहिले तर पाणी तेच, सातू तोच, हॉप तीच, कढई तीच, माणसेही तीच, आणि तरीही बिअर पूर्वीची राहिली नाही. भावांनी आपल्यापाशी असलेल्या वाणातून यीस्ट जतन करण्याची खटपट केली. पूर्वीची ऊरबीर आठवणारे रसिक सांगतात, की आजची उत्तम असली तरी ती वेगळी आहे. आम्ही चाखली ती ही वेगळी. तिच्यातील आंबट रेघ हा जुन्या शेजारधर्माचा उरलेला माग समजावयाचा. पुढे २०१६ मध्ये त्या पाम ब्रुअरीतील बहुसंख्य भाग नेदरलँड्सच्या एका त्याहून मोठ्या ब्रुअरीने घेतला, ही या कथेची पुढची ओळ. मोठा मासा लहान माशाला खातो ही म्हण आपण समुद्रकाठचे लोक जाणतोच. त्या लहान माशाच्या आश्रयाने जगणारे जे त्याहून लहान जीव असतात, त्यांचा हिशेब कोणत्याही विक्रीखतात लिहिलेला नसतो.

याच देशातील हूगार्डन या खेड्याची कथा हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगते. गव्हापासून केलेली, धणे आणि संत्र्याची वाळलेली साल घातलेली फिकट बिअर ही त्या गावची खूण. १९५० च्या दशकात तेथील शेवटची ब्रुअरी बंद पडली आणि ती चव गावातून नाहीशी झाली. पिएर सेलिस हा तेथला दूधवाला. लहानपणी शेजारच्या ब्रुअरीत त्याने हाताखाली काम केले होते. त्या आठवणीच्या बळावर १९६० च्या दशकात त्याने ही बिअर पुन्हा जिवंत केली आणि ती गावाबाहेर गेली. १९८५ मध्ये ब्रुअरीस आग लागली. पुन्हा उभे राहण्यास पैसा हवा होता. तो मोठ्या कंपनीकडून आला, आणि पैशामागून मालकीही गेली. सेलिस अमेरिकेत टेक्सासला गेला आणि तेथे त्याने नवी ब्रुअरी काढली. २००५ मध्ये कंपनीने हूगार्डनमधील उत्पादन बंद करून ते दुसऱ्या शहरातील मोठ्या कारखान्यात हलवण्याचे जाहीर केले. गावाचे नाव बाटलीवर, आणि बाटली गावाबाहेर! लोकांनी विरोध केला. बिअरही नव्या जागी पूर्वीसारखी उतरेना. अखेर २००७ मध्ये कंपनीस तो बेत सोडावा लागला. नाव विकत घेता येते, कृती लिहून नेता येते. गाव उचलून नेता येत नाही, हे त्या कंपनीस दोन वर्षांनी कळले.

सहावी बाटली ‘स्टिले नाख्ट’, अर्थात ‘शांत रात्र’. ही नाताळासाठी करतात. मद्यार्क बारा टक्के. मध, सुके जर्दाळू आणि त्यांच्या आडून डोकावणारा आंबटपणा. ती वर्षानुवर्षे तळघरात मुरवून ठेवणारे लोक आहेत. आमच्या चौघांत ती एकच होती. प्रत्येकाच्या वाटणीस अर्ध्या वाटीहून कमी आली. कोणी अधिक मागितली नाही. चाखण्याची सवय लागली, की अधिक मागण्याची गरज आपोआप कमी होते, असा आमचा त्या दोन संध्याकाळचा अनुभव आहे.

तो अनुभव सांगताना सत्याचा दुसरा भाग झाकून ठेवणे योग्य नव्हे. मद्याचे अगदी अल्प प्रमाणही आरोग्यास पूर्णतः निर्धोक म्हणता येणार नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या प्रत्येक वाड्यावर आहेत. जो पीत नाही त्याने या लेखामुळे पिऊ नये, आणि ज्यास थांबता येत नाही त्याने चाखण्याच्या सबबीवर पेल्याला हात लावू नये. परंतु जो समाज पितो, आणि आपला समाज पितो, त्याने आपण काय पितो हे जाणू नये, असे या सत्यातून निष्पन्न होत नाही. अज्ञानाने व्यसन कमी झाल्याचे कोठे दिसत नाही; अज्ञानाने फक्त निकृष्ट माल खपतो.

हे सारे आम्हांस गोमंतकात बसून लिहावेसे वाटते, यास सबळ कारण आहे. बेल्जियममधील बिअरसंस्कृतीचा समावेश युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला तो २०१६ मध्ये. त्याच वर्षी आपल्या राज्याने फेणीला वारसा पेयाचा मान देण्याचे पाऊल उचलले. त्यापूर्वी २००९ मध्ये काजूच्या फेणीस भौगोलिक संकेताची नोंदणी मिळालीच होती. अबकारीच्या वहीत वर्षानुवर्षे ‘देशी दारू’च्या रकान्यात पडून राहिलेल्या पेयाला हा न्याय उशिरा मिळाला, तरी मिळाला याचा आनंदच आहे. परंतु मान मिळाल्यानंतर बेल्जियमने काय केले आणि आपण काय केले, हे एकदा शेजारीशेजारी ठेवून पाहावे. तेथे अलीकडच्या वर्षांत ब्रुअऱ्यांची संख्या वाढत चारशेच्या आसपास गेली. गुत्त्यातील साधा वाढपीही कोणत्या गावची बिअर कोणत्या पेल्यात द्यावयाची हे जाणतो. आपल्याकडे उत्तम ऊर्राक आणि कशीतरी भेसळ केलेली ऊर्राक यांतील फरक सांगू शकणारे किती जण उरले आहेत? आणि जे उरले आहेत त्यांचे ऐकावयास बसणारे किती?

फेणीचे विरजण कोणा शेजाऱ्याच्या घरी नाही, ही आपली भाग्याची गोष्ट. कोळंबीत तुडवलेल्या बोंडांचा रस बाहेरचे यीस्ट न घालता स्वतःच आंबतो. त्याचे विरजण बोंडाच्या सालीवर, डोंगरउताराच्या हवेत आणि वर्षानुवर्षे वापरलेल्या भांड्याच्या अंगात असते. कोणतीही कंपनी ते देण्याचे थांबवू शकत नाही. ते थांबवू शकतो तो आपणच. ज्या उतारावर काजू उभा आहे तो उतार भूखंड पाडून विकला गेला, भाटी लावणाऱ्याचा मुलगा त्या भाटीची लाज बाळगू लागला, पर्यटकाच्या घाईसाठी काहीही बाटलीत भरून त्यावर ‘फेणी’ अशी चिठ्ठी चिकटवण्यात आली, तर नोंदणीचा कागद कपाटात सुरक्षित राहील आणि ज्याची नोंदणी केली ते जगातून नाहीसे झालेले असेल.

एसेनच्या भावांना त्यांच्या विरजणाची किंमत ते मिळेनासे झाल्यावर पुरती कळली असेल. आपल्याला ती वेळेवर कळण्याची संधी अद्याप आहे. सरकारने करावयाचे ते असे, की लहान भाटीवाल्याला आणि मोठ्या कारखान्याला एकाच मापाने मोजू नये, भेसळीवर कठोर नजर ठेवावी आणि काजूच्या बागा टिकाव्यात असे जमिनीचे धोरण आखावे. आपण करावयाचे ते याहून सोपे आहे. मानकुराद आंब्याविषयी जे प्रश्न आपण न लाजता विचारतो तेच प्रश्न या पेयाविषयीही विचारावेत: कोणत्या गावचे, कोणाच्या हातचे, कोणत्या हंगामाचे. जे पीत नाहीत त्यांनीही विचारावेत, कारण बाग, भाटी आणि त्यावर जगणारे घर ही केवळ पिणाऱ्यांची मालमत्ता नव्हे. असे विचारणारे गिऱ्हाईक ज्या गावाला लाभते, त्या गावाचे विरजण सहसा मरत नाही.